चोर झालेले सर

रहिमतपूरला हाडवैद्याच्या ओट्यावर मी पुस्तक उघडून बसलो होतो. शेजारी गळ्यात हात बांधलेले कराटेचे सर होते. एक बाई लगबगीने त्यांच्यापाशी आल्या.

"सर, आमच्या अपेक्षानं हात मोडला म्हणं तुमचा?"

"या रंगुबाई. मोडला न्हाई, मुरगळलाय."

"उद्यापास्नं तिचा क्लास बंद! सरांवर हात उगारती व्हय!"

"आवं, मीच चोर झालतो. महिनाभर म्हणतोय, मार. ती आधी पाया पडायची, मग हळूच हात लावायची."

"मग काल काय भूत शिरलं?"

"काल मी क्लासातल्या धाकट्या शिवांजलीला ओढत न्यायचं सोंग केलं. ती खोटंखोटं वरडली, तशी अपेक्षा मधी आली. पाया पडायचं इसरली बघा!"

"आन् तुमी हसताय?"

"लय दुखतंय, पर हसतोय. आपल्यावर बेतलं तर मारा आन् पळा, एवढंच मी शिकवलं. दुसऱ्यावर बेतल्यावर उभं ऱ्हायचं ती तिची शिकली. असली पोरगी घरी बसवू नका."

बाईंनी सरांच्या गळ्यातली झोळी नीट केली. मी पुस्तक मिटलं.

"बरं, धाडते उद्या. पर चोर दुसरा बघा."

"सकाळपास्नं बघतोय. कुणी तयारच व्हईना."