चाचा स्वतः माउथ ऑर्गन का वाजवत नाहीत

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय रमेशभाऊ, व्यासपीठावरच्या डॉक्टर मेहनाजमॅडम, सत्कारमूर्ती आमचे सिराजुद्दीनचाचा, आणि शिफ्ट बदलून आलेल्या समस्त जुबैलकर बंधुभगिनींनो,

आधी कबुली देतो. भाषण लिही म्हणून रमेशभाऊंनी पंधरा दिवसांपूर्वी बजावलं होतं. मी ते आज येताना बसमध्ये लिहिलंय, त्यामुळे अक्षर मलाच लागत नाहीये.

चाचा वीस वर्षं इथे सौदीत कंपनीची बस चालवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्यांनी माउथ ऑर्गन धरायला शिकवलं. मी दहावी नापास, तीन देशांत पाच नोकऱ्या. एका जागी बसून शिकलो ते एवढंच. पहिल्या दिवशी मी तो बसच्या डॅशबोर्डवर ठेवला. जुलै महिना. दुपारी तोंडाला लावला आणि... असो, मलम मॅडमनी दिलं होतं.

चाचा म्हणाले, "निवला ना? यल्ला, चल, डाव्या हातात घे. जाड सूर डावीकडे. अंगठा खाली, बोटं वर, पण मागच्या कडेला. ओठांना जागा नको?"

"आणि उजवा हात?"

"मागून ओंजळीसारखा लाव. उघड, मीट. सूर कसा डुलतो बघ. गच्च नको रे वैभव, स्टिअरिंग नाही ते!"

मग एवढं शिकवणारा माणूस स्वतः का वाजवत नाही? हे बोलायचं ठरलं नव्हतं, पण चाचा, आता निघालंच तोंडातून. चाचांचे रूममेट होते गुणाजीकाका, संगमेश्वरचे. चाचा वाजवायचे, काका भाकऱ्या थापता थापता गायचे. तीन वर्षांपूर्वी ईदला चाचांना खूश करायचं म्हणून काकांनी त्यांचा माउथ ऑर्गन साबणाच्या पाण्यात घासूनपुसून लख्ख केला. आतली पट्टी लाकडाची. फुगली, सूर अडकले. चाचा आठ माणसांदेखत म्हणाले, "तुझ्या हातात द्यायची वस्तूच नव्हती ती." काकांनी बदली मागितली आणि पार लांब हफ्र अल बातिनला गेले. लाकूड महिन्याभरात सुकलं, सूरही सुटले. चाचांनी पुन्हा तोंडाला लावला नाही.

परवा सामान बांधताना चाचा मला म्हणाले, "चूक माझी होती. पण आता कुठल्या तोंडाने फोन करू?" उद्या त्यांचं विमान आहे, कायमचं. मग त्यांना न विचारता फोन मीच केला. काका म्हणाले, "ड्युटी आहे मला. आणि त्याला विचार, साबण पाठवू का?" फोन खलास.

तर चाचा, आम्हाला इतकी वर्षं वेळेवर पोचवलंत, त्याबद्दल सर्वांच्या वतीने आभार. बोलताना आगाऊपणा झाला असेल तर तो माझ्या शाळेच्या नव्हे, माझ्याच खात्यावर धरा आणि लहान समजून पोटात...

एक मिनिट हं. सादियाताई दारातून खुणा करतायत. काय? मोठ्याने सांगा! गेटवर कुणी आलंय, हफ्रहून... पास नाही म्हणून सिक्युरिटी अडवतेय... काय सांगतोय तो? "सिराजुद्दीनचा रूममेट आहे"?

चाचा, थांबा, मी घेऊन येतो त्यांना... अहो, हार तरी काढून ठेवा! सावकाश, पायऱ्या आहेत!