पहिला डंपर

धाकटी : मागच्या दाराची पायरी कुठे गेली, वहिनी?

वहिनी : जातेय कुठे? आहे की मातीखाली. हात धुऊन घ्या वन्सं, पानं वाढतेय.

दादा : तू भुयारी रस्त्याची तपासणी करायला आलीस की आमच्या पायऱ्यांची? भावाकडे जेवायला बसली तरी हिची नोकरी सुटत नाही.

धाकटी : तिथूनच आले, दादा. आपली अख्खी गल्ली मावेल एवढं खोदून ठेवलंय, आणि शेजारी माती म्हणशील तर दोन ढिगारे. बाकीची कुठे गेली विचारलं, तर तिथले साहेब म्हणाले, हमरस्त्याने गावाबाहेर नेली.

दादा : मग नेली असेल.

धाकटी : मग आपल्या गल्लीतली गटारं राखाडी चिखलाने का तुंबलीत?

दादा : मला काय विचारतेस? गटारं काय मी भरली?

धाकटी : चोराच्या मनात चांदणं. तुझं नाव घेतलं का मी अजून?

वहिनी : सांगून टाका हो. मागचं दार उघडून बघून आल्यात त्या.

दादा : बरं, घेतली माती. पाणथळीकडे पाठ असलेल्या सगळ्याच घरांनी घेतली, फुकट होती म्हणून. दर पावसाळ्यात स्वयंपाकघरात पाणी शिरतं, तुझी वहिनी पाटावर उभी राहून रांधते. तेव्हा कुठे असतं गं तुमचं पर्यावरण खातं?

धाकटी : अंगण उचललंस ते समजलं. पण ते पुढेही सरकलंय. कुंपणापलीकडे लव्हाळी असायची, आता तुझं कुंपणच लव्हाळ्यात उभं आहे.

दादा : हातभर सरकलं असेल.

धाकटी : तुझं हातभर, शेजारच्याचं हातभर. मग पाण्याने जायचं कुठे?

वहिनी : कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाईंकडे.

दादा : तू जरा गप्प बस.

वहिनी : का म्हणून? त्या एकट्यांनी माती घेतली नाही, आणि यंदा पाणी त्यांच्याच मशीनच्या पायडलपर्यंत चढलं. मी बादली घेऊन उपसायला गेले, तर म्हणाल्या, तुमच्याकडे नाही का हो शिरलं या वेळी? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

धाकटी : त्या मातीला डिझेलचा वास येतोय, दादा. पाऊस पडला की ते सगळं पाणथळीत उतरणार. पहिला डंपर कुणाच्या दारात आला?

दादा : आला असेल कुणाच्या तरी.

वहिनी : आपल्याच.

धाकटी : तू बोलावला होतास?

दादा : नाही गं. भुयाराच्या ठेकेदाराचा मुकादम आपणहून आला. म्हणाला, अंगण खोलगट दिसतंय, भरून देऊ का? भला माणूस वाटला.

धाकटी : एवढंच म्हणाला?

दादा : एवढंच.

वहिनी : आणि म्हणाला, ताईंचं माहेर हेच ना?

(घरापुढून एक भरलेला डंपर जातो, ताटं थरथरतात.)

धाकटी : ही तपासणी माझ्याकडे येणार हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

दादा : मला वाटलं, तुझ्या ओळखीतला आहे. गल्लीला मीच सांगितलं, बिनघोर घ्या, धाकटीचा माणूस आहे.

धाकटी : माझ्या नावावर?

दादा : मला काय ठाऊक गं त्याच्या पोटात काय आहे ते!

धाकटी : आता मी ही माती अहवालात लिहिली, तर ते म्हणणार, बाईंच्या सख्ख्या भावानेच घेतलीय, बाईंना हटवा. नाही लिहिली, तर मी त्यांच्या खिशात.

दादा : मग आमचं घर वगळ आणि बाकीची लिही.

धाकटी : आपला तो बाब्या, होय?

दादा : अंगण उकरायला लावतील. पुन्हा घरात पाणी. आणि गल्ली तोंडात शेण घालेल माझ्या.

धाकटी : घालेलच. मलाही राग आलाय तुझा, फार आलाय. पण आज मी गप्प बसले तर ते अख्खी पाणथळ बुजवतील, आणि मग सगळ्या गल्लीलाच पाटावर उभं राहायची वेळ येईल. वहिनी, एखादी कोरडी बरणी द्याल? मागची माती घ्यायचीय.

दादा : अगं, काम काढून घेतील तुझ्याकडून.

धाकटी : घेऊ देत. मीच आधी खात्याला कळवते, पहिला डंपर माझ्या माहेरी आला म्हणून. माझ्या जागी दुसरं कुणी येईल. तो मुकादम काय विचारत होता, ते त्यांना सांगशील?

दादा : मला आता नीटसं आठवत नाही गं.

वहिनी : मला आठवतंय. त्याला चहा मीच दिला होता.