सील फाटलेला डब्बा

हुडकोतल्या सुपर बाजारात बिलाच्या लाइनीत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

“सुजाता, दुधाच्या पावडरचा डब्बा वापस करून राहिली का वं?”

“हाव, रुक्मामावशी. घरी जाऊन झाकन काढलं, तं आतलं सील फाटलेलं. कोनी काय मिसळवलं असन, काय माहीत. बाळाले कसं पाजू?”

“म्हनूनच मले कोनाचा भरोसा नाही.”

“मॅनेजर म्हनते, असं करनाऱ्याले जेल होते.”

“मिसळवनाऱ्याले ना? नुसतं खोलनाऱ्याले नाही?”

“नुसतं कोन कावून खोलन?”

“मी खोलतो ना. नातवासाठी न्यायचा असला, तं पयले वास घेऊन पायतो.”

“मंग तोच डब्बा नेता?”

“नाही वं. मागचा, सीलवाला नेतो. फाटलेला कोन घेईन?”