कुमुदकाकूंची खीर आणि गुडमारचा पाला

मंडळी, आधी एक प्रश्न. मायेला माप असतं का हो? मागच्या रांगेतल्या माना हलल्या — नसतं! बरं. मग औषधाला? आता एकही मान हलेना. ऐका तर —

कुडाळात एक कुमुदकाकू परुळेकर होत्या. हात सढळ, जीभ त्याहून सढळ! सून शर्वाणीला सातवा महिना, आणि तपासणीत निघाली साखर. गरोदरपणातला मधुमेह. डॉक्टर नाडकर्णीबाईंनी सांगितलं, भात मोजून खा, जेवल्यावर चाल, बोट टोचून साखर बघत जा. नाहीच उतरली तर इन्सुलिन देऊ.

इन्सुलिन म्हणजे सुई! तीही पोटात! शर्वाणी शांत बसली होती — घाम फुटला तो काकूंना. माझ्या नातवंडाच्या इतक्या जवळ सुई?

परतताना शेजारच्या नलूताई भेटल्या. अशी नलूताई प्रत्येक आळीत असतेच. दिसली नाही तर समजावं, ती आपणच! त्यांनी कुंपणावरचा वेल दाखवला. गुडमार — म्हणजे गुळालाच मारणारा. पाला उकळून पाज, म्हणाल्या, आठ दिवसांत साखर पळते.

पण काकू प्रेमळ. सुनेला देण्याआधी आपण चाखू, असं त्यांनी ठरवलं. मुहूर्त कोणता? डोहाळजेवणाची सकाळ! एका शेगडीवर काढा, दुसरीवर पाहुण्यांसाठी शेवयांची खीर. काकूंनी तीन पानं चावून चावून खाल्ली आणि लगेच चमचाभर खीर चाखली.

गोड लागेना. साखर घातली, चाखली — छे. पुन्हा घातली, पुन्हा चाखली. शेवटी नुसती साखर जिभेवर ठेवली, तर वाळू! दुकानदारानं फसवलं म्हणत काकूंनी दुसरा पुडा फोडला. वर गुळाचा खडा. चाखणं चालूच!

पंगत बसली. खिरीचा पहिला घास गेला आणि बोलणं थांबलं. थोरल्या मावशींनी डोळे मिटले ते उघडेनात. शेजारणीला वाटलं, समाधी लागली. शर्वाणीपुढे खीर नव्हती, ती वाचली. नाडकर्णीबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवून विचारलं, "काकू, सकाळपासून काय खाल्लंत?"

काकूंनी अभिमानानं सगळं सांगितलं. पाल्यानं साखर जिभेवरच मेली, मग रक्तात कुठली उरायला!

बाईंनी शर्वाणीचं यंत्र मागवलं आणि काकूंचंच बोट टोचलं. आकडा आला दोनशे साठ! जीभ फसली होती, मंडळी. रक्त फसलं नव्हतं. काकूंना स्वतःलाच मधुमेह, आणि पत्ता नाही!

मग बाईंनी हळू आवाजात विचारलं, "शर्वाणीला काढा दिलात?"

"नाही हो. उकळतोय."

बाईंनी श्वास सोडला. मग समजावलं, की पाल्यात गुण असतील. शहाणी माणसं त्यातलं नेमकं द्रव्य शोधतायत. पण पोटातल्या जिवाला त्यातलं किती सोसतं, हे अजून नक्की कुणी सांगू शकत नाही. त्यात औषधं चालू असली आणि साखर भलतीच खाली गेली, तर?

काकू उठल्या आणि काढा मोरीत ओतून आल्या.

दुसऱ्या दिवसापासून सासू-सून जेवल्यावर जोडीनं चालू लागल्या. तरी आठव्या महिन्यात शर्वाणीला सुई लागलीच. ती द्यायला कोण शिकलं? काकू! पहिल्या दिवशी सुनेनंच त्यांना धीर दिला म्हणतात. दिवस भरले, मुलगी झाली. ठणठणीत, आणि आवाज थेट आजीचा!

तर बाबांनो, काकूंची माया खोटी होती का? मुळीच नाही. पण बाईंना विचारायला दोन मिनिटं लागली असती, आणि ती दोन मिनिटं काकूंना सापडली नाहीत. झाडपाला देवानंच दिला, कबूल. पण विचारायला तोंडही त्यानंच दिलंय ना? आता सांगा, या आठवड्यात कुणी कुणाला न विचारता काय काय पाजलं? अहो, शेजारणीकडे काय बघता — मी तुम्हालाच विचारतोय!