सुपरवायझरच्या खिशातला बिल्ला

दोन तास चौकीत बाकावर बसवलं आणि आता म्हणता, आजी, थोडक्यात सांगा. आधी ते दोन तास लिहून घ्या, मग बाकीचं.

मी, कारखान्यात काजेवाली आजी म्हणतात ती, वय सदुसष्ट, धंदा शर्टांना काजं-बटणं करणे, राहणार कारखान्यामागची पत्र्याची तिसरी खोली, समक्ष हजर राहून जबाब देते की,

सदर शर्टांच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं कामाला आहे. नात माझ्याजवळच वाढली. तिला तिथे शिलाईला मीच लावलं. आमच्याकडे संडासला जायचं तर पितळी बिल्ला घेऊन जावं लागतं. चाळीस बायकांत बिल्ला एकच. तो सुपरवायझरच्या पँटच्या खिशात असतो. मागितला की म्हणतो, "माझे हात कामात आहेत, तूच काढून घे." हात कामात नसतात.

नातीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी येऊ लागली. मी म्हटलं, "फुकटचं ओझं कशाला वाहतेस गं?" तेव्हा तिने खिशाचं सांगितलं. मी म्हटलं, "डोळे मिटून काढायचा आणि सुटायचं. आम्ही नाही काढला?" ती माझ्याकडे बघत राहिली. हे माझं बोलणं आहे तसंच लिहा, गुळगुळीत करू नका.

एका सोमवारी दुपारी तिने सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, "बिल्ला टेबलावर ठेवा." तो हसला आणि खिसा पुढे केला. बायका माना खाली घालून शिवत राहिल्या. मीही काजं करत राहिले. ती मशीन बंद करून गेली. संध्याकाळी घरी गेले तर तिचे कपडे नव्हते. शेजारणीकडे निरोप होता, "दुसऱ्या गावी काम बघते, आजीला म्हणावं शोधू नको." त्याला आज एकोणीस दिवस झाले. फोन लागत नाही. पंखा तिच्या अंथरुणाकडेच फिरवलेला आहे. मला वाऱ्याने सर्दी होते, म्हणून.

मालकाकडे गेले. ते म्हणाले, "पोरगी स्वतःहून गेली, मग तक्रार कोणाची?" तक्रार माझी आहे.

हवालदार बाईंनी हे सगळं मला वाचून दाखवलं. त्यांनी एके ठिकाणी 'गैरवर्तन' लिहिलं होतं, ते खोडायला लावून मी 'खिसा' लिहवून घेतला. आता बरोबर आहे. सही येते तेवढी केली.

पोरगी सापडली तर का गेलीस, असं तिला कोणी विचारायचं नाही. उत्तर सुपरवायझरने द्यायचं, त्याच्यामागोमाग मालकाने. आणि एवढी वर्षं गप्प का बसलात, असं विचारायचं असेल तर ते मला विचारा.