बुजऱ्यांची तोंडी मुलाखत

मी लय बोलते म्हणून तुमी मले टोकता ना? मंग हे तोंड उघडलं कसं, तेही ऐका.

अकोल्याले बीएस्सीच्या पहिल्या वर्षाले होती मी. खेड्यातल्या बुजऱ्या पोरापोरींसाठी विद्यापीठाची एक योजना आली. निवड झाली की बोलणं शिकवायचा वर्ग आणि होस्टेलची खोली, दोन्ही फुकट. मले खोली पाहिजे होती. बार्शीटाकळीहून रोजच्या अपडाऊननं जीव चालला होता. घरचा भाजीचा धंदा. बाजारात बाबा ओरडायचे, मी गुपचूप मेथीच्या जुड्या बांधत बसायची.

आणि बुजऱ्यांची निवड कशी? तोंडी मुलाखत घेऊन!

मॅडमनं विचारलं, "नाव काय?" माह्या घशातून हवासुद्धा निघेना. त्यांनी वाट पाहिली, चहा पेला, मंग म्हणाल्या, "जा." संध्याकाळी यादी लागली. माह्या नावापुढं लिहिलं होतं, 'गैरहजर'.

माहं डोकंच फिरलं. तशीच मॅडमच्या खोलीत घुसली. "गैरहजर काहून? तुमच्या समोर बसली होती मी! तुमी दोन बिस्किटं खाल्ले, तिसरं चहात पडलं, ते चमच्यानं काढलं. मी नव्हती तर हे कोणी पाहिलं?"

मॅडम खूश. "अगं, तू तर छान बोलतेस!" त्यांनी 'गैरहजर' खोडलं आणि लिहिलं, 'वक्तृत्व उत्तम. योजनेची गरज नाही.'

मंग काय, तीन वर्षं अपडाऊन केलं. कंडक्टरले विचारा, एक दिवस तरी गप बसली का मी!