पुजाऱ्याचं पथ्य

(औंढा, १९४१. पुजारी विष्णुपंतांच्या ओसरीवर हकीम जलालुद्दीन त्यांच्या पायाच्या अंगठ्याची पट्टी सोडत आहेत. विष्णुपंतांची बायको अनुसूया दारात उभी आहे.)

हकीम : वहिनी, मोरीत मुंग्या अजून लागतात का?

अनुसूया : लागतात. सकाळी घागरभर पाणी ओतते, तरी दुपारी रांग असतेच.

हकीम : म्हंजे लघवीतून साखर जातेच हाय. जखम बी भरंना. पंत, अंगठा काळा पडून राहिला.

विष्णुपंत : पण दुखत नाही आता.

हकीम : दुखत न्हाई तेच वाईट. वहिनी, गुस्सा करू नका, एक विचारतो. मायेनं कधी चोरून गोड देता का यांना?

अनुसूया : मी? गुळाचा डबा शेजारच्या गंगूताईच्या घरी नेऊन ठेवला मी. चहा बिनसाखरेचा, माझाही तसाच. रोज जवारीची भाकरी, मेथी नाहीतर कारलं. भात सणालाच, तोही मूठभर. जेवले की फेऱ्या मारायला लावते. संक्रांतीला घरात तीळगूळ केला नाही, आणि तुमी मलाच विचारून राहिले?

विष्णुपंत : तिची काही चूक नाही, हकीमसाहेब. माझंच नशीब.

हकीम : नशीब राहू द्या. पहाटेपासून तोंडात काय काय जातं, बराबर सांगा.

विष्णुपंत : उठल्यावर मेथीचं पाणी. मग देऊळ. दुपारी घरी भाकरी, भाजी, ताक. परत देऊळ. रात्री भाकरीच.

हकीम : देवळात काय खाता?

विष्णुपंत : देवळात कोण खातं? अभिषेकाचं तीर्थ घेतो, तेवढंच.

हकीम : त्यात काय असतं?

विष्णुपंत : पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर.

हकीम : दिवसातून एकदाच?

विष्णुपंत : ज्याचा अभिषेक, त्याचं तीर्थ. श्रावणात तर रीघच लागते. मग लोक प्रसाद हातावर ठेवतात. वसमतचे पुनमचंद शेठ आले की पेढे असतात. कणभर घ्यावा लागतो.

अनुसूया : कणभर?

विष्णुपंत : बरं, पेढा. अगं, तो प्रसाद असतो. ते का खाणं झालं?

हकीम : आमच्याकडं बी प्रसादासारखी फातेहाची शिरनी असते, पंत. ती बी पोटात गेली की साखरच.

अनुसूया : आणि मी इकडं कारली चिरत बसले. आत्ता माझ्यावर संशय आला, तेव्हा तरी बोलायचं होतं.

विष्णुपंत : देवाशपथ, मनातच आलं नाही. मुंज झाल्यापासून घेतो आहे मी.

हकीम : आता बंद करा.

विष्णुपंत : ते नाही जमायचं. माणूस कुठून कुठून चालत येतो, ओलेत्यानं पेढा पुढं करतो. त्याला नको म्हणू? देवाला नको म्हणू?

हकीम : पेढा कपाळाला लावा अन् मागच्या लेकराला द्या. तीर्थाचं बोट डोळ्याला लावा. न्हाई तर हैदराबादेत जाऊन पाय कापायची पाळी येईल.

विष्णुपंत : कापू द्या. एका पायावर पूजा करीन.

अनुसूया : कशी कराल? गाभारा खाली आहे. त्या पायऱ्या धडधाकट माणसाला वाकून, भिंत धरून उतराव्या लागतात. तुमी वर मंडपात बसाल, आणि खाली दुसराच कोणी अभिषेक करील.

विष्णुपंत : असं बोलू नको.

अनुसूया : बोलते. भीती वाटून राहिली म्हणून बोलते. तुमी झोपले की रोज पाय चाचपून बघते मी, अजून गरम आहे का, गार तर पडला नाही म्हणून.

विष्णुपंत : मला कधी सांगितलं नाहीस.

अनुसूया : काय सांगायचं?

हकीम : पंत, उद्या सोमवार. उद्यापासूनच धरा.

विष्णुपंत : उद्या तर गर्दी उसळेल. कोणी समोर हात केला की माझा हात आपोआप पुढं होतो हो.

अनुसूया : होऊ द्या. मी शेजारी बसते. तुमच्या हातावर पडेल ते माझ्या पदरात टाका.

विष्णुपंत : दिवसभर पदर पसरून बसशील? लोक काय म्हणतील?

अनुसूया : पुजाऱ्याची बायको हावरट आहे म्हणतील. म्हणू द्या.